स्पीड ९४ वरच अडकतोय? घरचं नेटवर्क स्वस्तात वेगवान करताना

घरी तीनशे एमबीपीएसचा प्लॅन आहे, कॉम्प्युटरला वायर जोडलेली आहे आणि स्पीड टेस्ट दर वेळी ९४ दाखवतेय. सकाळी ९४, रात्री ९४, राउटर बंद-चालू केला तरी ९४. कंपनीला फोन लावला तर "प्रॉब्लेम तुमच्याकडे आहे" असं ऐकवतात. चीड येते, पण या एका बाबतीत ते बहुतेक वेळा खरं सांगत असतात.

हा ९४ योगायोगाने येत नाही. शंभर एमबीपीएसच्या इथरनेटवर, म्हणजे वायरीच्या नेटवर्कवर, वायरीतून जाणाऱ्या प्रत्येक १५३८ बाइटांमागे आपल्या कामाचे साधारण १४४८ बाइट असतात. बाकीचे पत्ते, तपासणीचे आकडे आणि दोन पाकिटांमधली मोकळी जागा यांत जातात. भागाकार करा, ९४ टक्के येतील. म्हणजे वाटेत कुठेतरी एक तुकडा १०० चा आहे आणि बाकी सगळं त्याच्यापायी अडून बसलंय. याच हिशेबाने गिगाबिटवर (हजार एमबीपीएसवर) ९४० च्या आसपास आकडा येतो.

म्हणून नवीन राउटर घ्यायला धावण्याआधी तो अडवणारा तुकडा शोधायचा. बऱ्याच घरांत तो राउटर नसतोच. मी पैसे लावतो ते आधी वायरीत, मग स्विचमध्ये (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीत) आणि वायफायमध्ये सगळ्यात शेवटी. दुकानदार आणि जाहिराती नेमकं उलट सांगतात.

आधी रस्ता कागदावर काढा

बाहेरून येणारी फायबर ज्या डबीत शिरते ती ओएनटी. तिथून राउटर (कित्येक घरांत दोन्ही एकाच डबीत असतात), तिथून स्विच, भिंतीतली वायर, आणि शेवटी टीव्ही किंवा कॉम्प्युटर. हे सगळं एका कागदावर काढा आणि प्रत्येक जोडापाशी दोन्हीकडच्या पोर्टचा वेग लिहा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, इथरनेट असं गेलं की लिंक स्पीड दिसतो: १०० किंवा १०००. लिनक्सवाल्यांना इथटूल माहीत असेलच. पोर्टवरच्या हिरव्या-पिवळ्या दिव्यांवर विसंबू नका, प्रत्येक कंपनीत त्या रंगांचा अर्थ वेगळा असतो.

आमच्याकडे हा कागद काढल्यावर राउटर गिगाबिट निघाला, कॉम्प्युटरही गिगाबिट, तरी मधली लिंक १००. शेवटी प्लग उजेडात धरून पाहिला. पारदर्शक प्लास्टिकच्या आत आठाच्या जागी चारच तारा होत्या. निळी जोडी आणि तपकिरी जोडी बुडापासून कापलेली. वायर ओढायला आलेल्या मुलाला पुढच्या वेळी विचारलं, तर तो म्हणाला, "चारच लागतात ना दादा, नेट चालतंय की!" त्याचं चुकलं नव्हतं. शंभरच्या इथरनेटला १, २, ३ आणि ६ या चारच पिना लागतात. पण गिगाबिट चारही जोड्या एकदम वापरतं, निळ्या-तपकिरी जोड्यांतली एक तार जरी तुटली की लिंक सहसा गुपचूप १०० वर उतरते. दोन प्लग कापले, नवे क्रिंप केले (पक्कडीने दाबून बसवले) आणि आकडा ९४ वरून थेट प्लॅनच्या तीनशेवर गेला. एवढ्याचसाठी मी जवळपास चार हजारांचा राउटर घेणार होतो.

प्लग लावताना रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. इथे पुष्कळ जण फसतात, कारण हिरव्या जोडीच्या दोन तारांच्या मधोमध निळी जोडी येते. "रंग ओळीने लावले" म्हणून अभिमानाने दाखवलेली वायर चालतेही, पण लांबी वाढली की रडते.

वेग किती हवा, ते कामावरून ठरवा

एमबीपीएसमधले बिट आणि फाइलच्या आकारातले बाइट यांत आठपटीचा फरक आहे, हे एकदा डोक्यात पक्कं बसवा. मग एक उदाहरण घ्या. लग्नाच्या शूटिंगचा १०० जीबीचा फोल्डर एका मशीनवरून दुसऱ्यावर न्यायचाय. शंभरच्या लिंकवर सव्वादोन तासांहून जास्त. गिगाबिटवर पाऊण तासही नाही, जेमतेम चौदा-पंधरा मिनिटं. अडीच गिगाबिटवर सहा मिनिटांच्या आत. दहा गिगाबिटवर कागदोपत्री दीड मिनिट.

कागदोपत्री म्हणायचं कारण डिस्क. फिरती हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे मेगाबाइटच्या पुढे सहसा जात नाही, आणि गिगाबिट एकटंच सेकंदाला ११० च्या वर नेतं. म्हणजे एका हार्ड डिस्कसाठी दहा गिगाबिटचं सामान घेणं म्हणजे बोळात एसटी घालण्यासारखं आहे. दोन्हीकडे एसएसडी असेल तरच पुढचा विचार करा.

आणि फक्त इंटरनेट, टीव्ही, मुलांचा अभ्यास, ऑफिसच्या मीटिंगा एवढंच असेल, तर गिगाबिटच्या पुढे एक रुपयाही घालू नका.

वायर: इथे कंजूषी नको

राउटर चार-पाच वर्षांत बदलाल. भिंतीतली वायर मात्र पुढच्या रंगकामापर्यंत तरी तिथेच असते.

नवीन टाकताय तर कॅट ६ दर्जाची घ्या. आधीची कॅट ५ई असेल तर उपटू नका, ती शंभर मीटरपर्यंत गिगाबिट तर नेतेच, २०१६ साली आलेलं अडीच गिगाबिटचं इथरनेट मुळात अशाच जुन्या वायरींवर चालावं म्हणून बनवलंय. कॅट ६ वर दहा गिगाबिट ५५ मीटरपर्यंत जाऊ शकतं, आणि फ्लॅटमध्ये एवढी लांब वायर कोणाची असते? कॅट ६ए शंभर मीटरला पुरते, पण ती जाड आणि ताठ असते. आपल्याकडच्या कन्सील पाइपच्या वळणांतून ओढताना वायरमन शिव्या देतो. कॅट ७ आणि कॅट ८ लिहिलेल्या चपट्या वायरी ऑनलाइन भरपूर दिसतात. कॅट ८ मुळात डेटा सेंटरमधल्या तीस मीटरच्या जोडण्यांसाठी आहे. घरात ती घेऊन काही बिघडत नाही, पैसे तेवढे जातात.

खरा धोका वेगळाच आहे. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर, बाजारात तिला सीसीए म्हणतात. खोक्यावर कॅट ६ असं ठळक छापलेलं असतं आणि भाव निम्म्याच्या जवळपास. कॅट ६ च्या मानकात ही वायर बसतच नाही. ती पटकन तुटते, प्लगमध्ये कालांतराने सैल होते, आणि तिच्यावरून कॅमेऱ्याला वीज पाठवली तर गरम होते. दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं: "साहेब, सगळी सेमच असते, ही जास्त खपते."

ओळखायची कशी? एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आतून चांदीसारखी पांढरी निघाली तर घेऊ नका. लोहचुंबक लावून पाहा, चिकटला तर आत चक्क पोलाद आहे. आणि मल्टिमीटर असेल तर याहून पक्की परीक्षा होते. वीस मीटरच्या तुकड्याच्या एका टोकाला जोडीतल्या दोन तारा एकमेकींना पिळा आणि दुसऱ्या टोकाला त्यांच्यामधला रोध मोजा. २३ गेजच्या तांब्याच्या कॅट ६ ला तो पावणेतीन ओहमच्या आसपास यायला हवा (मीटरच्या पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करायला विसरू नका). चार-साडेचार आला तर तांबं फक्त वर आहे.

घराला लागते किती? दोन बीएचकेमध्ये साठ-सत्तर मीटर पुरते. ३०५ मीटरचं अख्खं खोकं घेऊ नका, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मीटरवर तोडून मिळते. तोडून घेताना वायरीवर छापलेलं नाव आणि गेज डोळ्यांनी वाचा. खोकं एकाचं आणि आतला माल दुसऱ्याचा, असंही होतं.

भिंतीत ओढताना २३० व्होल्टच्या वायरी असलेल्या पाइपमधून लॅनची वायर नेऊ नका. आधी प्रश्न वेगाचा नाही, जिवाचा आहे: आतलं आवरण सोललं तर राउटरच्या पत्र्यावर करंट येईल. वेगळा पाइप नसेल तर सरळ छताच्या कडेने केसिंग पट्टी मारा. आठवडाभर डोळ्यांना खुपेल, मग दिसायचीही बंद होईल. आणि भिंतीतल्या वायरीच्या टोकाला प्लग क्रिंप करण्याऐवजी कीस्टोन जॅक (प्लग घालायची खाच) आणि त्यावर फेसप्लेट बसवा, पुढे मशीनपर्यंत पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्हीकडे प्लग असलेली तयार वायर. भिंतीतली तार एकसंध आणि ठिसूळ असते, रोज वाकवण्यासाठी ती नाही.

स्विच: पाच मिनिटांचं काम

पाच किंवा आठ पोर्टांचा, साधा, सेटिंग नसलेला गिगाबिट स्विच. एवढंच. पाच पोर्टांचा हजार-पंधराशेच्या आसपास येतो. आठांचा थोडा महाग, पण मी आठांचाच घेतो, कारण पाचातला एक पोर्ट राउटरकडे जातो आणि उरलेले चारही वर्षभरात भरतात.

लक्ष ठेवायचं ते नावावर. टीपी-लिंकचा एलएस१००५ शंभरचा आहे, आणि एलएस१००५जी गिगाबिट. डी-लिंकमध्ये डीईएसने सुरू होणारे शंभरचे, डीजीएसने सुरू होणारे गिगाबिट. दिसायला जुळी भावंडं, आणि ऑनलाइन यादीत शेजारी-शेजारी. खोक्यावर १०/१००/१००० हे तिन्ही आकडे दिसेपर्यंत पैसे देऊ नका.

एकच वायर चुकून दोन्ही टोकांनी त्याच स्विचमध्ये घातली तर सगळ्या घराचं नेट बसतं. साफसफाईच्या दिवशी हमखास होतं.

वायफाय राउटर: खोक्यावरचा आकडा आणि घरातला

एएक्स३००० म्हणजे तीन हजार एमबीपीएस नव्हे. ती बेरीज आहे: २.४ गिगाहर्ट्झवर ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवर २४०२. तुमचा मोबाइल साधारणपणे एका वेळी एकाच बँडवर असतो. शिवाय ते २४०२ मिळायला मोबाइलनेही १६० मेगाहर्ट्झची चॅनेलची रुंदी पेलायला हवी, आणि बरेच मोबाइल ८० वरच थांबतात. तिथे लिंक होते १२०१ ची, आणि त्याच खोलीत उभं राहून प्रत्यक्षात हातात येतात सहाशे-सातशे. मध्ये विटांची एक भिंत आली की आकडा पडतो, आरसीसीची आली की आणखी पडतो.

म्हणून माझ्या यादीत पहिला प्रश्न अँटेना किती हा नाही, वायरीचे पोर्ट कितीचे हा आहे. एसी१२०० लिहिलेल्या, चार-चार अँटेनांच्या कित्येक स्वस्त राउटरांचे पोर्ट शंभरचे असतात. टीपी-लिंकच्या आर्चर सी५० चे शंभरचे, सी६ चे गिगाबिट. वायफाय ८६७ चं आणि त्याच्या मागची वायर १०० ची, म्हणजे पुन्हा तेच ९४.

आज घ्यायचा तर वायफाय ६ चा, एएक्स१५०० किंवा एएक्स३०००, सगळे पोर्ट गिगाबिट. त्याहून महागाचा घेण्याआधी घरातले मोबाइल आणि लॅपटॉप कोणत्या पिढीचे आहेत ते बघा. पाच वर्षं जुन्या मोबाइलला वायफाय ७ चा राउटर काहीही जास्त देत नाही.

मागच्या बेडरूमला सिग्नल नाही म्हणून लोक रिपीटर आणतात. तो ज्या बँडवर ऐकतो त्याच बँडवर पुढे बोलत असेल तर वेग तिथेच निम्मा होतो. त्यापेक्षा जुना राउटर कपाटातून काढा. त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद करा, पत्ता मुख्य राउटरच्या मालिकेतला पण वेगळा द्या (मुख्य १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२, आणि तो आकडा मुख्य राउटर दुसऱ्या कोणाला वाटणार नाही याची काळजी घ्या). भिंतीतली वायर त्याच्या वॅनमध्ये (इंटरनेट आत येण्याच्या पोर्टमध्ये) नाही, लॅन पोर्टमध्ये घाला. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे तोच. २.४ वर एकाला चॅनेल १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११ द्या. मेश म्हणून जे तीन डब्यांचं पाकीट मिळतं त्याचंही डब्याडब्यांमधलं दळणवळण वायरीने केलं तरच ते पैसे वसूल करतं.

भाड्याच्या घरात वायर मारता येत नसेल आणि कोणी पॉवरलाइन ॲडॉप्टर (घरातल्या विजेच्या तारांतूनच नेट नेणारं) सुचवलं, तर परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्या. घरातली वीज दोन वेगळ्या फेजवर असेल तर ते कधी चालतं, कधी नाही.

अडीच आणि दहा: हौस स्वस्तात

दोन मशीनमध्येच वेग हवाय, तर सगळं घर बदलायची गरज नाही. आरटीएल८१२५ चिप असलेलं पीसीआय-एक्सप्रेसचं अडीच गिगाबिट कार्ड दीड-दोन हजारांत मिळतं. लॅपटॉपसाठी आरटीएल८१५६ चिपचा यूएसबी ॲडॉप्टर, पण यूएसबी ३ च्या पोर्टमध्येच लावा, जुन्या यूएसबी २ मध्ये तो पाचशेच्याही खाली अडतो. दोन मशीन एका वायरीने थेट जोडा, मध्ये स्विच नको. एकाला १०.१०.१०.१ पत्ता द्या, दुसऱ्याला १०.१०.१०.२, गेटवे रिकामा. इंटरनेट आधीच्या पोर्टवरून येत राहील, फाइली या वायरीवरून जातील. सगळ्या घरासाठी अडीचचा स्विच घेण्याआधी हा प्रयोग महिनाभर करून बघा. गरज किती आणि हौस किती, ते कळतं.

दहा गिगाबिटचा स्वस्त मार्ग जुन्या सर्व्हरांतून येतो. मेलॅनॉक्सचं कनेक्टएक्स-३ किंवा इंटेलचं एक्स५२० ही एसएफपी+ खाचांची (नेहमीच्या लॅन पोर्टऐवजी ठोकळा बसवायच्या खाचांची) वापरलेली कार्डं बाजारात फिरत असतात. दोन कार्डं आणि मध्ये डॅक, म्हणजे दोन्ही टोकांना खाचेत बसणारे धातूचे ठोकळे असलेली तयार तांब्याची वायर. एका टेबलावरच्या दोन मशीनसाठी तीन मीटरची डॅक पुष्कळ झाली. ही जोडणी थंड राहते आणि वीजही कमी खाते. याउलट एसएफपी+ च्या खाचेत बसवायचे आरजे४५ चे (नेहमीच्या लॅन प्लगचे) मॉड्यूल चटका बसेल इतके तापतात.

घेण्याआधी तीन गोष्टी पाहा. कार्डाला लांब खाच लागते, तेव्हा मदरबोर्डवर ग्राफिक्स कार्डाशिवाय तशी दुसरी खाच रिकामी आहे का. विंडोज ११ वापरत असाल तर त्या कार्डाचा ड्रायव्हर मिळतो का, कारण ही कार्डं जुनी आहेत. लिनक्सवर ती सहसा मुकाट्याने चालतात. आणि ती सर्व्हरच्या सोसाट्याच्या पंख्यांसाठी बनवलेली असल्याने घरच्या कॅबिनेटमध्ये शेजारी एक छोटा पंखा लावावा लागतो. कार्डाला लोखंडी पट्टी पूर्ण उंचीची आहे की अर्ध्या, हेही विचारून घ्या. अर्ध्या उंचीची आली तर कार्ड हलत राहतं.

एका घरातून दुसऱ्या घरात

कोकणात आमच्या नात्यात एकांनी घरापासून मागच्या आवारातल्या पाहुण्यांच्या खोल्यांपर्यंत पन्नासेक मीटर लॅनची वायर टाकली, पोफळीच्या झाडांना बांधत. मे अखेरीच्या पहिल्या वळवात जवळच वीज पडली. दोन्हीकडचे स्विच गेले, टीव्हीचा लॅन पोर्टही गेला. झाडावर वीज पडली नव्हती; जवळपास पडली तरी लांब तांब्याच्या तारेत दणका येतो.

दोन इमारतींमध्ये फायबरच टाका. काचेतून वीज वाहत नाही, आणि केबलमध्ये आधाराची धातूची तार नसलेली घेतली की प्रश्न मिटला. स्थानिक केबलवाल्याकडे सिंगल मोड प्रकारच्या फायबरची बाहेर टाकायची केबल आणि टोकं जोडायचं मशीन दोन्ही असतं. दोन्ही टोकांना गिगाबिट मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅनची वायर जोडणाऱ्या डब्या) लावायचे. एकाच काचेवरून जाणे-येणे होतं, म्हणून ते जोडीनेच येतात: एक १३१० नॅनोमीटरवर बोलतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा उलट. दोन्ही एकाच प्रकारचे आणलेत तर दोघेही बोलत राहतात, ऐकत कोणी नाही. आणि फायबरच्या टोकात डोकावून पाहू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्यात जातो.

परत करायची मुदत संपण्याआधी

स्पीड टेस्टने घरातलं सामान तपासता येत नाही, कारण तिच्यात बाहेरचं जग मिसळलेलं असतं. आयपर्फ३ हे फुकटचं सॉफ्टवेअर दोन मशीनवर टाका, एकाला सर्व्हर करा, दुसऱ्याला क्लायंट. गिगाबिटवर ९४० च्या आसपास यायला हवं, अडीचवर २३५० च्या. मग दिशा उलटून पुन्हा. एका बाजूला ९४० आणि दुसऱ्या बाजूला ६०० येत असेल तर आधी प्लग पुन्हा क्रिंप करा, मग वायर बदला, आणि त्यानंतरच कार्डाला दोष द्या. दहा सेकंदांच्या चाचणीवर समाधान मानू नका. तासभर चालू ठेवा आणि स्विचला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका नको.

उरला विजेचा प्रश्न. वीज गेली की ओएनटी आणि राउटर दोन्ही चालू राहायला हवेत, त्यातला एकच मिनी यूपीएसवर ठेवून उपयोग नाही. ॲडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचा, दोन्ही डब्यांच्या अँपिअरची बेरीज करा आणि त्याहून थोडा मोठा घ्या. बरेच राउटर १२ व्होल्टचे असतात, पण छोटे स्विच ५ किंवा ९ चे असू शकतात, आणि गोल पिन मात्र तिन्हींची बऱ्याचदा सारखीच. आमचा पहिला गिगाबिट स्विच ५ व्होल्टचा होता. दिवाळीच्या साफसफाईत मी त्याला राउटरचा १२ चा ॲडॉप्टर लावला. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक ॲडॉप्टरवर पांढरी चिकटपट्टी आहे, आणि तिच्यावर मार्करने त्याच्या मालकाचं नाव.